परिषद माहेरी आली

पूर्व खानदेश ग्रंथपाल परिषदेनं नाव बदलायचं ठरवलं तेव्हा नोंदणी कार्यालयातली नवीन नावं संपली होती, म्हणून परिषदेनं आपल्या सहचिटणीस प्रमिला भास्कर वायकोळे यांचं नाव घेतलं आणि प्रमिलाबाईंना परिषदेचं नाव मिळालं.

नाव बदलायला हवं होतं, यात शंका नाही. कॉलेजांमधून ग्रंथपाल हा शब्दच उठत चालला होता. कुणी माहिती अधिकारी झालं होतं, कुणी ज्ञानस्रोत समन्वयक. तरुण सभासदांची तक्रार होती की परिषदेचं नाव सांगितलं की लोक आपल्याला कपाटं पुसणारे समजतात. अध्यक्ष खर्चे सर नोंदणी कार्यालयात जाऊन आले. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की ज्ञान, माहिती, विकास, प्रबोधन, सगळं गेलेलं आहे आणि नवीन नावं कधी येतील ते वरूनच कळत नाही. वापरातलं एखादं नाव अदलाबदल करून मिळेल, फक्त ते स्वच्छ हवं आणि त्याच्यावर कसला वाद नको.

कार्यकारिणीत असं नाव एकच निघालं. खुद्द खर्चे सरांच्या नावावर भावकीनं दावा लावलेला होता. प्रमिलाबाई यावलच्या कॉलेजात नोकरीला, उभ्या हयातीत कुणाशी वाकडं बोललेल्या नाहीत. ठराव मांडला गेला तेव्हा त्या इतिवृत्त लिहीत होत्या. सवयीनं हात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळा झाला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मंजूर काय झालं. घरी विचारून सांगितलं तर चालेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. खर्चे सर म्हणाले की अवश्य विचारा, पण इतिवृत्तात खाडाखोड नको, ते बरं दिसत नाही.

भास्कररावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला नावानं हाक मारलीच नव्हती. ‘ऐकलं का’ एवढ्यावर संसार झाला होता, तेव्हा त्यांना यात अडचण दिसेना. परिषद म्हटल्यावर घरात माणसांचा राबता वाढेल काय, एवढंच त्यांनी विचारलं.

परिषदेला मात्र (आता तिला हेच म्हणायला हवं) अडचणी दिसू लागल्या. कॉलेजात तिच्या टेबलावर उद्घाटनांची निमंत्रणं येऊ लागली. एका तालुका वाचनालयानं तिच्याकडे शिफारस मागितली, ती तिनं दिली. हे सगळं निभावता आलं असतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो आखाजीमुळे.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खानदेशात लेकी माहेरी जातात. परिषदेची माय सावद्याला एकटी राहायची, ऐंशीच्या घरातली. दरवर्षी आखाजीच्या आधी तिचा फोन यायचा, “पमे, कधी येतेस?” यंदा फोन आलाच नाही. परिषद स्वयंपाक करताना फोन ओट्यावर ठेवायची, आंघोळीला जाताना भास्कररावांच्या हातात देऊन जायची. शेवटी न राहवून तिनं खर्चे सरांना गाठलं.

“आला होता फोन,” सर म्हणाले. “प्रमिलासाठी होता, म्हणून आपल्या कार्यालयात लागला. येतो म्हणून सांगितलंय.”

“कोण येतो?”

सर जरा संकोचले. “कार्यकारिणी. बाई, नाव घेतलं तर त्या नावाची कर्तव्यंही घ्यायला हवीत. नुसतं पाटीवर रंगवायचं आणि म्हातारीला वाट पाहायला लावायची, हे काही बरोबर नाही.”

यात खोट काढता येईना. मग मी काय करू, असं तिनं विचारलं, तर सर म्हणाले की परिषदेला स्वतंत्र निमंत्रण असेल तर तिनं जरूर यावं. निमंत्रण नव्हतं. दोन-तीनदा आकडे दाबून खोडल्यावर तिनं मायला फोन लावला आणि पूर्व खानदेश ग्रंथपाल परिषद बोलतेय असं सांगितलं. पलीकडे माय आदरानं “बोला” म्हणाली. इतकी वर्षं तिनं लेकीला कधी बोला म्हटलं नव्हतं. आखाजीला परिषद आली तर चालेल का, असं तिनं विचारलं.

“या ना,” माय म्हणाली. “लेकीच्या कामाची माणसं तुम्ही. परकी थोडीच?”

आखाजीच्या दिवशी प्रमिला जीपमधून उतरली. आधी खर्चे सर, मग खजिनदार, मग एकेक करून सगळी कार्यकारिणी. मायनं दारात थांबवून एकुलत्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला. सगळ्यांवरून ओवाळता ओवाळता तिचा हात भरून आला, पण तिनं कुणाला वगळलं नाही. खर्चे सरांच्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली, “सुकली वं माय तू.” सर चांगले भरदार होते, तरी ते कुणाला खोटं वाटलं नाही.

परिषद मागाहून एसटीनं पोचली. तिला लाकडी खुर्ची मिळाली, ताटलीतून पाणी आलं, खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. ज्या घरात ती रांगली होती, तिथं न्हाणीघर कुठं आहे हे मायनं तिला हात करून दाखवलं. “तुमचा चेहरा आमच्या पमीच्या वळणाचा आहे,” माय म्हणाली. परिषदेनं आभार मानले.

जेवायला खापरावरची पुरणपोळी होती आणि आमरस. पाहुण्यांच्या पंगतीला बसवलं म्हणून परिषदेनं बेतानं खाल्लं, म्हणजे खाल्लंच नाही. समोर प्रमिलाला आग्रह चालला होता. खर्चे सरांची आई ते पाळण्यात असतानाच गेलेली. ते खाली मान घालून जेवत होते आणि माय वाढत होती. सरांनी पानावर आडवा हात धरला तर तिनं तो बाजूला केला आणि माहेरी नाही म्हणायचं नसतं असं बजावलं. त्यावर सरांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते बराच वेळ येत राहिलं.

हात धुवून झाल्यावर परिषदेनं त्यांना ओट्यावर गाठलं. नाव परत हवं, मला हे झेपत नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. सरांनी विषय लगेच कार्यकारिणीपुढे ठेवला. अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याभोवती बैठक झाली. एकही हात वर गेला नाही.

“तुमचं म्हणणं रास्त आहे,” सर परत येऊन म्हणाले. “पण त्यांनी आम्हाला चार दिवस राहायला सांगितलंय.”

“माझी माय आहे ती, सर.”

“हो ना,” सर हळूच म्हणाले. “आमचीही तीच अडचण झालीय.”

कार्यक्रम संपल्यावर परिषदेनं फार वेळ थांबणं शोभत नाही, म्हणून ती उठली. शाल घडी करून पिशवीत ठेवली, चपला शोधल्या. माय तिला पोचवायला दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

“तुमच्यात माणसं किती आहेत?” तिनं विचारलं.

“कुणीच नाही. सगळी प्रमिलाकडे गेली. मी एकटीच.”

“मग सभा कशी भरते?”

“भरत नाही.”

मग मायनं विचारलं की आपल्याला सभासद म्हणून घेता येईल का. चष्मा लावला की वाचता येतं, रोज पेपर वाचते, असंही सांगितलं. परिषदेनं तिला समजावलं की सभासद दोन प्रकारचे असतात, वार्षिक आणि आजीव.

“आजीव म्हणजे कुठपर्यंत?”

“जीव आहे तोवर.”

“मग तेच करा,” माय म्हणाली.

सभासद झाला की सभा घ्यावी लागते. परिषद चपला काढून पुन्हा आत आली आणि खुर्चीवर बसली. सभासद तिच्याजवळ भिंतीला टेकून खाली बसली, पण तिथून तोंड दिसत नाही म्हणाली, तेव्हा परिषदही जमिनीवर आली. अंगणात प्रमिला झोक्यावर चढली होती आणि खजिनदार मोठ्यानं आखाजीची गाणी म्हणत होते. सभासदानं परिषदेच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिला विषय मांडला, की परिषद आज नीट जेवली का. परिषदेनं नाही म्हणून सांगितलं.

त्यावर चर्चा सुरू झाली.