घरच्यासारखी नव्हे

कायद्यापुढे सगळे समान असतात. जळगावात आमच्या कॉलनीत हे तत्त्व फक्त एका घरात पाळलं जाई, आणि त्या घराच्या सुनेला त्याचा फार त्रास होई.

घर आबांचं. आबा सूतगिरणीच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून तीन वर्षांच्या चिऊला सांभाळायला घरातच राहणारी बाई ठेवायचं ठरलं. शिरपूरकडून मंगलाबाई आल्या. पन्नाशीच्या, विधवा, हातात एक पिशवी. सून प्रेमाने म्हणाली, "बाई, तुम्ही घरच्यासारख्याच राहा हं."

आबा गरजले, "घरच्यासारखी म्हणू नका! घरच्यासारखी म्हणजे फुकट."

मग त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि नेमणूकपत्र उभं राहून वाचलं. पगार सात तारखेच्या आत बँकेत. जेवणाचे, राहण्याचे पैसे कापायचे नाहीत. खोलीला आतून कडी. रविवारी सुट्टी. दिवाळीला बोनस. काम संपलं तर एक महिन्याची लेखी नोटीस. मी विचारलं, "आबा, घरकामाला एवढा कायदा लागू आहे का?" ते म्हणाले, "नसला तर तो करायला आपण मेलोय का?"

मंगलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोर कोठे शे?"

रात्री चिऊ रडली आणि बाईंना उठावं लागलं, तर जादा कामाचा दुप्पट दर. महिनाअखेरीस तो हिशेब पाहून सुनेला संशय येऊ लागला की पोरगी मुद्दाम रडते. रविवारी चिऊ बाईंच्या मांडीवर चढली की आबा तिला उचलून आणत. "आज बाई सुट्टीवर आहेत." चिऊ भोकाड पसरी. बाई तिला परत ओढून घेत. "आबा, पोर शे ती. फाईल नही."

याचे पडसाद कॉलनीभर उमटले. समोरच्या काकूंच्या भांडेवालीने बोनस मागितला. काकू आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला आवरा. उद्या माझी बाई मला मेमो देईल!" आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईनेही रविवारची सुट्टी मागितली. समतेला माझा तत्त्वतः पाठिंबा असल्याने दर रविवारी भांडी मी घासतो.

आबा मंगलाबाईंना "अहो बाई" म्हणत. कॉलनीत कामवालीला अहो म्हणणारे ते एकटेच. स्वतःच्या मुलाला ते "ए गाढवा" म्हणत.

तीन वर्षांनी या गाढवाची पुण्याला बदली झाली. चिऊ गेली, सून गेली, खेळण्यांचं खोकं गेलं. आबा जायला तयार नव्हते. पुण्यात लोक दुपारी दाराला कुलूप लावतात, एवढंच कारण त्यांनी दिलं. पोर गेलं, म्हणजे काम संपलं. नियम आबांचाच होता. धुळ्यात एका वसतिगृहात मंगलाबाईंना काम मिळत होतं, त्यांची बहीण फोनवर फोन करत होती.

आठवडाभर आबा नोटिशीचा मसुदा खरडत बसले. मग मला बोलावून त्यांनी नोटीस वाचली. आवाज नेमणुकीच्या वेळी होता तेवढा चढला नाही.

बाई म्हणाल्या, "बरं. मंग आज रातले भाजी काय करू?"

"स्वयंपाक तुमच्या कामात बसत नाही."

"मंग उपाशी बठा," म्हणून बाई वांगी चिरायला बसल्या.

महिना भरला. पिशवी भरली. रिक्षा दाराशी आली आणि आबांच्या ध्यानात आलं की नोटीस रविवारी दिली होती. सुट्टीच्या दिवशी दिलेली नोटीस ग्राह्य धरता येत नाही. रिक्षा परत गेली. पुढच्या नोटिशीत तारीखच घालायची राहिली. तिच्या पुढची आबांनी चुकून स्वतःच्याच नावाने काढली. काकू म्हणाल्या, "वय झालं हो." मी मान डोलावली. सूतगिरणीत आबांनी अर्ध्या गावाला नोटिसा दिल्या होत्या, एकही परत आली नव्हती.

शेवटी मीच मंगलाबाईंना गाठलं. "बाई, धुळ्याची जागा जाईल ना. का थांबलात?"

त्या दोरीवर आबांचं धोतर झटकत होत्या. "नोटीस नीट भेटनी नही ना भाऊ. बेकायदा कशी जाऊ?"

परवा आबांकडे गेलो. टेबलावर नवी नोटीस होती. वार बरोबर, तारीख बरोबर, नाव बरोबर. फक्त सही बाकी होती. आत कुकरची शिट्टी झाली.

"करा की सही," मी म्हटलं.

"पेन सापडत नाही," आबा म्हणाले.

पेन त्यांच्या खिशाला होतं.