धावण्यास योग्य

माणूस नुसता निरोगी असून भागत नाही, तो निरोगी असल्याचा कागद असावा लागतो. कागद असला की माणूस थोडाफार आजारी असला तरी चालून जातं. पण कागद नसलेला धडधाकट माणूस कार्यालयाच्या दृष्टीने अत्यवस्थच समजावा. हे मी बावीस वर्षं शाळेचा मुख्य कारकून या नात्याने जवळून पाहिलं आहे.

आमच्या शाळेत क्रीडा-सप्ताहाआधी सर्व खेळाडूंची वैद्यकीय तपासणी होते. होते म्हणजे झाल्याची नोंद होते. ही जबाबदारी इतकी वर्षं आमच्या जुन्या डॉक्टरांनी निःस्वार्थ बुद्धीने वाहिली (ते संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे). त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती : ‘आ कर, वळ, पुढचा.’ तीनशे अठरा मुलं त्यांनी एकदा पंचावन्न मिनिटांत तपासली, त्यात मधला चहाही आला. सुदृढतेचं प्रमाण दरवर्षी शंभर टक्के. एका वर्षी तर ते शंभर टक्के आणि वर एक असं भरलं, कारण पाण्याची टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर कोणाला विचारावं ते न कळून रांगेत उभा राहिला होता. त्याला ‘लांब उडीस योग्य’ असा दाखला मिळाला. तो त्याने घरी काचेत लावला आहे, असं ऐकतो.

यंदा जुने डॉक्टरच आजारी पडले. (त्यांना कोणी तपासत नसे.) म्हणून सरकारी दवाखान्यातून एक तरुण डॉक्टरीणबाई पाठवण्यात आल्या, आणि इथून सगळा घोळ सुरू झाला.

त्यांनी आल्या आल्या तीन गोष्टी मागितल्या : दार लागेल अशी खोली, मुलाला बसायला खुर्ची आणि शांतता. शाळेत या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कधी लागतील अशी कोणाची कल्पना नव्हती. शेवटी नकाशांची खोली रिकामी करून दिली. मग त्या एकेका मुलाला आत घेऊन तपासू लागल्या. म्हणजे खरोखरच तपासू लागल्या. छातीला नळी लावून डोळे मिटत, नाडी धरून घड्याळ बघत, आणि मुलाला प्रश्न विचारून वर उत्तराची वाटही बघत.

पहिल्या तासात सहा मुलं झाली. रांग जिना उतरून मैदानापर्यंत गेली आणि रांगेच्या शेपटाकडच्या मुलांनी तिथेच कबड्डी मांडली.

त्या सहा जणांत जे आढळलं ते शाळेच्या लौकिकाला शोभणारं नव्हतं. गोळाफेकीच्या आमच्या हुकमी खेळाडूला भिंतीवरचं सगळ्यांत मोठं अक्षरही दिसत नव्हतं. गेल्या वर्षी त्याचा गोळा पाहुण्यांच्या मंडपात का गेला, याचा उलगडा झाला. (आम्ही त्याला ‘जोर अधिक’ असा शेरा दिला होता.) उंच उडीवाली मुलगी हलकं होण्यासाठी चार दिवस सकाळची उपाशी होती. दोन भाऊ एकच बुटाचा जोड आळीपाळीने वापरत होते, धाकट्याच्या पायाला फोड आणि थोरल्याच्या बोटांना कुरूप. त्यांच्या दाखल्यावर बाईंनी लिहिलं, ‘मुलं योग्य, बूट अयोग्य.’ असा शेरा कुठल्या रकान्यात चढवायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वेग वाढवावा अशी विनंती करायला खेळाचे शिक्षक वर गेले. त्यांना सगळी शाळा शिट्टी सर म्हणते. तीन जिने धावत चढून ते नकाशांच्या खोलीत पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दाऐवजी शिट्टीच वाजली. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, आणि पुन्हा पाहिला. त्यांना चिठ्ठी देऊन थेट दवाखान्यात पाठवण्यात आलं. मग शिट्टी सरांचं काय झालं म्हणून बघायला उपमुख्याध्यापक गेले. त्यांना साखर निघाली. त्यांच्यामागून संगीताच्या बाई गेल्या. त्या नळी पाहूनच घेरी येऊन पडल्या. दुपारपर्यंत एकतीस मुलं आणि नऊ शिक्षक तपासून झाले होते. मुलांपैकी अठ्ठावीस योग्य ठरली, शिक्षकांपैकी एकही नाही. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांनी हुकूम काढला की यापुढे कोणत्याही कर्मचाऱ्याने वरच्या मजल्यावर जाऊ नये.

तरीही मला जावं लागलं. बत्तिसाव्या क्रमांकाच्या मुलीच्या पालकाला वर बोलावलं होतं, आणि ती मुलगी माझी. हे आधीच सांगायला हवं होतं, पण तशी जागा आली नाही.

माझी मुलगी चारशे मीटर धावते. शेजारच्या शाळेने सलग सहा वर्षं ढाल नेली होती आणि यंदा ती आमच्याकडे येणार हे केवळ तिच्या पायांवर ठरलं होतं. ढालीसाठी खिळाही ठोकून झाला होता.

डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात माझ्याच हातचा फॉर्म होता. त्यात चौदा प्रश्न आणि चौदांनाही मिळून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ, बाजूला ‘नाही’.

“हा तुम्ही भरलात?”

“भरला मी आणि तयारही मीच केला.”

“मग नववा प्रश्न काय आहे?”

मी म्हणालो की प्रश्न मी जुन्या फॉर्मवरून उतरवले आहेत. त्यांनी तो वाचून दाखवला. घरात कोणी तरुण वयात अचानक दगावलं आहे का, असा होता.

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी व्हॉलीबॉल खेळताना मैदानावर कोसळला आणि उठला नाही. आमच्या घरात ‘ऊन लागलं’ असं ठरलं, आणि एकदा ठरलं म्हटल्यावर त्यावर कोणी पुन्हा बोललं नाही. (तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.)

हे मी सांगितलं. मग मुलीने सांगितलं की धावताना कधीकधी छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ते तिने मला कधी सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत, बाबा.”

बाईंनी दाखल्यावर ‘मोठ्या तपासणीपर्यंत धावू नये’ असं लिहिलं.

लगेच तातडीची बैठक बसली. एक सूचना अशी आली की मुलीने धावावं, पण सावकाश. दुसरी अशी की ‘धावू नये’मधला ‘नये’ पुसट झाला आहे असं समजावं. अखेर दुसरं मत घ्यायचं ठरलं आणि जुन्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी अंथरुणातूनच मुलीला फोनवर ‘आ’ करायला लावलं आणि प्रकृती उत्तम असल्याचं कळवलं. त्यांच्या सहीचे कोरे दाखले माझ्या कपाटात होतेच. मोठ्या बाईंनी त्यातला एक माझ्यापुढे सरकवला. शिक्का माझ्याच हातात होता.

मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, “बाबा, मारा ना शिक्का. दीड मिनिटाचं तर काम.”

बावीस वर्षांत मी कोणताही कागद अडवलेला नाही. प्लंबरच्या दाखल्यावरही माझाच शिक्का आहे. पण त्या दिवशी मी शिक्क्याचं झाकण लावलं, तिचं दप्तर घेतलं आणि तिला घेऊन बाहेर पडलो. रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही. दवाखान्यात छातीला तारा लावल्यावर म्हणाली, “गार आहे हे,” आणि माझा हात धरला.

तिच्या हृदयात विजेला जायला एक जादा चोरवाट होती. मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून डॉक्टरांनी ती बंद केली. तीन महिन्यांनी ती पुन्हा धावू लागली. आता पाखरू फडफडत नाही, असं सांगते. मी आता रोज विचारतो आणि तिला त्याचा कंटाळा आला आहे.

ढाल शेजारच्या शाळेने नेली. मोकळ्या खिळ्यावर मोठ्या बाई छत्री अडकवतात.

शंभर टक्क्यांची परंपरा का खंडित झाली याची चौकशी करायला शाळेने समिती नेमली. समितीचा निष्कर्ष एकमताचा होता : दोष तपासल्यामुळे आढळले. त्यामुळे पुढच्या वर्षी जुन्या डॉक्टरांनाच सन्मानाने बोलवावं आणि पालकांचा वेळ वाचावा म्हणून फॉर्म सुटसुटीत करावा, असं ठरलं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी फॉर्म सुटसुटीत केला. मात्र नववा प्रश्न काढला नाही, उलट त्याच्याखाली एक नवा घातला : ‘आपल्या पाल्यास शेपूट आहे काय?’

तीनशे अठरा फॉर्म सह्यांनिशी परत आले. दोनशे सत्तर पालकांनी नेहमीची उभी रेघ मारली आहे. पस्तीस जणांनी ‘लागू नाही’ लिहिलं आहे. उरलेल्या तेरा जणांनी उत्तर ‘होय’ दिलं असून त्यातल्या दोघांनी पुढे ‘लहानपणापासून’ अशी पुस्तीही जोडली आहे. प्रश्न वाचून मला जाब विचारायला एकही पालक आला नाही.

तुम्ही आत्ता हसलात, त्या अर्थी आपला फॉर्म या तेरांत नाही अशी तुमची खात्री दिसते. खात्री असायला हरकत नाही. पण तीन सह्या मला नीट लागत नाहीत आणि त्यातली एक बरीचशी तुमच्यासारखी आहे. सवडीने कार्यालयात येऊन जा. येताना मुलालाही घेऊन या. शेपटाचं आपण बघू, नवव्या प्रश्नाचं मात्र घरात कोणाला तरी विचारूनच या.