आकडा शाबूत

बापूंनी जेवायला बोलावलं की माणसांना एकदम कामं आठवतात. कारण त्यांच्या घरी ताटात वाढलेला भात जरा बाजूला सारला, की खाली 'कै.' दिसतं. त्यापुढं नाव नसतं, नुसती चौकोनांची रांग. कोण गेलंय ते कळत नाही आणि घासही उतरत नाही.

माझं सांगलीत भांड्यांचं दुकान. तेराव्याला वाटायच्या वाट्या, ताटल्या मी नावं घालायला कुपवाडला बापूंकडं पाठवतो. 'कै.'चा ठसा आधीच मारलेला असतो; पुढचं नाव ते कॉम्प्युटरवर टाकतात आणि लेसरचं मशीन ते स्टीलवर कोरतं. मशीन जुनं, बापूंहून हट्टी. कधी कधी मराठी अक्षरांच्या जागी चौकोन कोरून मोकळं होतं. असा वाया गेलेला माल बापू पदरमोड करून घरी नेतात.

एकदा औंधकडचे एक रिटायर्ड सुभेदार वडिलांच्या नावाच्या वाट्या न्यायला आले आणि चौकोन बघून पेटले. "आमचा म्हातारा कुठं गेला ह्यात?"

"हाय की आतच," बापू शांतपणे म्हणाले. "सुभेदार, कॉम्प्युटरला अक्षर कळत न्हाई, आकडा कळतो. 'क'चा आकडा तेवीसशे पंचवीस. तो बरोबर पोचलाय. पर ह्या फाँटात त्या आकड्याचं चित्रच न्हाई, मग चौकोन काढतंय. आकडा शाबूत हाय!" त्यांनी फाँट बदलला आणि पुढच्या वाटीवर म्हातारा आडनावासकट उमटला.

तेव्हापासून 'आकडा शाबूत हाय' हे बापूंचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. लाईट गेली, एसटी चुकली, तरी तेच. एकदा तर जळत्या सरणासमोर बोलून गेले. मेलेल्याच्या पुतण्यानं त्यांची कॉलर धरली. मी त्यांना ओढून बाजूला नेलं.

"चुकलंच गड्या," ते म्हणाले. "मेल्यावर आकडाबी पुसून जातो."

घरी त्यांची बायको, आमच्या हौसावहिनी. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे. त्या कुणाला ओळखतही नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. साताऱ्याहून त्यांचा भाऊ आला, तेव्हा मी तिथंच होतो.

"दाजी, आक्का आता ऱ्हायली न्हाई, नुसता देह हाय," तो म्हणाला. "साताऱ्यात अशा माणसांना सांभाळत्यात, ती जागा बघून आलोय. आज घेऊनच जातो."

"जेवून तरी जा," बापू म्हणाले. मलाही बसवलं.

रोजच्यासारख्या त्यांनी वहिनींपुढं आमटीच्या दोन वाट्या ठेवल्या. एक माहेरची, लग्नातली, हातानं ठोकून 'हौसा' नाव घातलेली. दुसरी चौकोनांची. "आपली वाटी बराबर वळखती ती," ते मेहुण्याला म्हणाले. वहिनींचा धड हात उचलला गेला आणि चौकोनांच्या वाटीवर पडला.

मेहुण्यानं मान खाली घातली. "आकडा..." एवढंच बापू म्हणाले.

तेवढ्यात वहिनींनी माहेरची वाटी दोन बोटांनी ढकलत ढकलत भावापुढं नेली. चौकोनांची स्वतःकडं ओढली. चांगलं भांडं पाहुण्याला आणि वाया गेलेलं आपल्याला; आमच्याकडच्या बायका जन्मभर हेच करत आल्या आहेत.

भाऊ त्या वाटीतली आमटी रडत रडत प्याला आणि एकटाच साताऱ्याला परत गेला.

त्यानंतर वहिनींनी तसं पुन्हा केलेलं नाही. बापू मात्र रोज दुपारी कुणाला तरी जेवायला ओढून नेतात. वाटी सरकवायला समोर पाहुणा हवा ना. कालही मी गेलो. वहिनी भिंतीकडं बघत राहिल्या, आमटी गार झाली, माहेरची वाटी जागची हलली नाही. मला बापूंची कीव आली, आणि त्या वाटीचा रागही आला.

बापूंनी ती धुऊन फडताळात ठेवली आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

"उद्या येशील न्हवं?"

मला कामं होती. "येतो," म्हणालो.