मानाच्या जागेवरची रॅम

अख्ख्या नारीन गावाचं गरम पाणी ज्याच्या हुकमानं घरोघरी फिरायचं, त्या माणसाला कॉम्प्युटरमध्ये वीतभर पट्टी बसवता येणार नाही? मी बॉयलर-घराचा मुख्य यंत्रज्ञ होतो हो! भर हिवाळ्यात फुटलेले पाइप मी एका पान्यावर वठणीवर आणलेत. त्यामुळे समोरच्या दारातली मीरगुल जेव्हा म्हणाली, "कादिर-आके, याला रॅम कमी पडतेय, पण जुना आहे, कुठलीही चालायची नाही," तेव्हा मी नुसता हसलो.

थोरल्या पुरुषाला, अगदी बापालाही, आमच्याकडे आके म्हणतात. मीरगुल शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिला वाटतं सगळं शिकवावंच लागतं.

कॉम्प्युटर माझा नव्हे, जिबेकचा, माझ्या मुलीचा. ती नवऱ्याबरोबर मॉस्कोला गेली आणि हा तिच्या कॉलेजच्या दिवसांतला खोका माझ्याकडे राहिला. कुलिपा, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक यंत्र. दर रविवारी जिबेक त्यात यायची. दोन वाक्यं होतात न होतात तोच चित्र थिजायचं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मी त्या थिजलेल्या तोंडाशीही थोडा वेळ बोलत बसायचो. लेकीसमोरून एकदम उठून जाणं बरं दिसत नाही.

पण येता रविवार थिजून चालणार नव्हता. माझी नात बेगिमाय पाऊल टाकायला लागली होती आणि त्या दिवशी तिचा तुशो कापायचा होता. पोराच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, मुलं शर्यत लावतात, पहिला येईल तो दोरा कापतो, आणि पोर चालायला लागतं. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यानं आशीर्वाद द्यायचा. वडीलधारा म्हणजे मी. दोराही मीच वळला होता, कुलिपाच्या पेटीत उरलेल्या लोकरीचा, आणि मॉस्कोला निघालेल्या एका ट्रकवाल्याबरोबर पाठवला होता. तो दोरा कापताना आणि त्यातून सुटलेलं पोर चालताना मला बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

म्हणून मी रॅमच्या दोन जुन्या पट्ट्यांतली एक काढली, फूटपट्टीनं मोजली आणि बाजारातून तंतोतंत तेवढ्याच लांबीची, चकचकीत नवी घेऊन आलो. ती बसेना. पट्टीच्या बुडाशी एक खाच असते, ती जुनीला होती त्याच्या चिमूटभर अलीकडे होती. चिमूटभर म्हणजे काय मोठंसं! मी जोर लावला, पाइपाला लावतो तसा. पट्टीचा कोपरा माझ्या हातात आला.

तेव्हा मी जे काही बोललो ते जिन्यात ऐकू गेलं. तळमजल्यावरच्या बुरमाकान-एजे वर आल्या. एजे म्हणजे थोरली बहीण; या वयानं माझ्याहून मोठ्या आणि आवाजानं सगळ्या इमारतीहून. तुटलेला कोपरा बघून त्या म्हणाल्या, "एकट्यानं कशाला झुरतोस? रविवारी अशर करू."

आमच्याकडे कुणाचं घर बांधायचं असलं की शेजारीपाजारी आपापली वीट, आपापला चिखल घेऊन येतात आणि घरमालक जेवू घालतो. त्याचं नाव अशर. त्याचा एकच नियम आहे. आणलेली वीट परत पाठवायची नाही.

रविवारी सकाळपासून विटा यायला लागल्या. मुलांच्या मोडक्या कॉम्प्युटरांतून, माळ्यावरच्या खोक्यांतून, कुठकुठून उपटून आणलेल्या रॅमच्या पट्ट्या! कुणी रुमालात बांधून आणली होती, कुणी पावात. काही पट्ट्या लॅपटॉपच्या, अर्ध्याच उंचीच्या. "ही अजून कोकरू आहे," असं म्हणून एजेंनी त्या बाजूला ठेवल्या, पण ठेवल्या बशीत, मानानं. वरच्या मजल्यावरचा एसेनबाय, जन्मभर बस चालवलेला गडी, भलीथोरली पट्टी घेऊन आला. कुठल्याशा बँकेच्या यंत्रातली होती म्हणे. ती कशातच बसली नसती, पण त्यानं ती टेबलावर अशी आपटली की बशीतली कोकरं उडाली.

दारात जोडेच जोडे. कुलिपाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर माझ्या दारात एवढे जोडे पहिल्यांदाच दिसत होते. एजे बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगरे तुकडे, तळत होत्या, तेलाचा वास पडद्यांत शिरत होता, कुणीतरी माझ्याच घरात मला "बाजूला हो" म्हणत होतं. मला इतकं बरं वाटलं की कॉम्प्युटर कशाला उघडलाय हेच मी घटकाभर विसरलो.

मीरगुलनं पट्ट्या तपासल्या. बऱ्याचशांची खाच भलतीकडे होती, त्या सुटल्या. दारातूनच आत न मावणारी वीट बाजूला ठेवली म्हणून कोण रुसणार? (एसेनबाय रुसला.) पण चार पट्ट्यांची खाच जुळत होती आणि मदरबोर्डवर खोबणीही चारच होत्या. मी म्हटलं, देव आहे.

"आके, असं नाही चालत," मीरगुल हळूच म्हणाली. "खाच जुळली म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं. हा बोर्ड म्हातारा आहे, याला मोठ्या पट्ट्या झेपत नाहीत. वेगही सारखा लागतो. जुळ्या पट्ट्या हव्यात, एका रंगाच्या खोबणीत दोघी."

"आणि बाकीच्यांना काय सांगू? तुमच्या विटा परत न्या?"

तिनं चारही पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या. मग प्रश्न आला, कुणाची पट्टी कुठे? तो आम्ही जन्मभर जसा सोडवत आलोय तसाच सोडवला. खोलीत दारासमोरची जागा मानाची, तिला तोर म्हणतात, तिथे सगळ्यात वडील माणूस बसतो. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरच्या शेजारची खोबण म्हणजे तोर, असं एजेंनी ठरवलं. तिथे नव्वदीच्या सुयुनाली-आकेंची पट्टी. मग वयानुसार दुसरी, तिसरी. दाराजवळच्या खोबणीत सगळ्यात लहान, म्हणजे मीरगुलचीच. आणि माझ्या दोन जुन्या पट्ट्या? त्या घरच्या. पाहुणे बसले की घरच्यांनी उभं राहायचं असतं. त्या उपटून मी जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर ठेवल्या, बोरसोकांशेजारी.

मग जेवण झालं. सुयुनाली-आकेंनी हात पसरून आशीर्वाद दिला, कॉम्प्युटरलासुद्धा. आणि मी बटण दाबलं.

कॉम्प्युटर ओरडला. लांबलचक, थांबून थांबून, भुकेल्या वासरासारखा.

"पाहुणे जास्त झाले," मीरगुल म्हणाली. "एकेक पट्टी काढून बघावं लागेल, कुणाची बिघडलीय ते."

कुणाची पहिली काढायची? सुयुनाली-आकेंची? भर सभेत म्हाताऱ्याला तोरावरून उठवायचं? आम्ही सगळे छताकडे बघत बसलो आणि कॉम्प्युटर ओरडत राहिला. शेवटी मीरगुलनंच सगळ्यांना पाठ करून, कुणाची कुठली ते दिसू न देता, एकेक काढून पाहिली. दोन मेलेल्या होत्या. दोन धडधाकट, पण या बोर्डाच्या पोटात न मावणाऱ्या.

"जाऊ दे. आके, तुमच्या जुन्या दोन द्या. निदान आधीसारखा तरी चालेल."

मी चादरीकडे वळलो. चादर स्वच्छ होती. बोरसोक नाहीत, पट्ट्या नाहीत.

जेवणावरून कुणी रिकाम्या हातानं जात नाही आमच्याकडे. उरलंसुरलं घरच्या मुलांसाठी पिशवीत बांधून द्यायचं असतं. एजेंनी चादर गोळा केली होती आणि सगळं पिशव्यांत भरलं होतं. त्यातली एक पिशवी घेऊन एसेनबायची बायको केव्हाच कोचकोरच्या बसमध्ये बसली होती, लेकीकडे जायला.

तेवढ्यात माझा बटणांचा फोन वाजला. जिबेक होती. "आके, तुम्ही दिसत का नाही? पोरं शर्यतीला उभी आहेत. तिला किती वेळ धरून ठेवू?"

एजेंनी आपला मोबाइल पुढे केला. आठवडाभर त्या हेच सांगत होत्या, आणि मी म्हणत होतो की काडेपेटीएवढ्या काचेत मी नात बघणार नाही. आता काडेपेटीही चालली असती. एजेंनी फोन लावला, हात लांब करून धरला, आणि अशरला आलेलं सगळं गाव त्या काडेपेटीवर पडलं. विटा आणल्या होत्या त्यांनी, बघायचा हक्क होता. पुढे सुयुनाली-आके, मग वयानुसार बाकीचे. मी घरचा. मी मागे उभा.

मला एजेंच्या डोक्यावरचा रुमाल दिसला. हिरवा, त्यावर लाल फुलं. आशीर्वाद मी त्या रुमालाकडे बघून दिला: तुझा रस्ता मोकळा असो, पायाला खडा न लागो. मग सगळे एकदम ओरडले. सुयुनाली-आके रडले. त्यावरून मी ओळखलं की ती चालली.

"आके, पाहिलंत ना?" जिबेकनं विचारलं.

"पाहिलं," मी म्हणालो. "अगदी तुझ्या आईसारखी चालते."

पलीकडे ती बेगिमायला म्हणाली, "ऐकलंस? आजीसारखी."

मग जोडे एकेक करून गेले. मी बशा धुतल्या आणि रेडिओ लावला.

पट्ट्या सापडल्या. कोचकोरला बोरसोक खाताना एका पोरानं चावून पाहिल्या म्हणे. मीरगुलनं तेल पुसून बसवल्या आणि कॉम्प्युटर निमूट सुरू झाला, होता तसा. जिबेकनं त्या दिवसाचं चित्रण पाठवलंय. मी रोज लावतो. पोरं धावत येतात, माझा दोरा कापला जातो, बेगिमाय एक पाय उचलते आणि चित्र थिजतं. पाय वरच. रोज चहा घेऊन बसतो, म्हटलं आज टेकवेल. मीरगुल जुळ्या पट्ट्या शोधतेय. बुरमाकान-एजेंना मात्र यातलं काही सांगू नका, पुन्हा अशर करतील.

कुलिपाही दारात तशीच उभी राहायची, एक पाय वर करून, बूट चढवत, मला उशीर केला म्हणून बोल लावत. म्हणजे मी जिबेकला अगदीच खोटं सांगितलं नाही. पोर उभी तर आजीसारखीच राहते. चालते कशी, ते मला अजून माहीत नाही.