मुदतबाह्य नातेवाईक

ज्याला मुदत नसते, ते कोणी सांभाळत नाही. औषध, परवाना आणि दूध यांची माणूस काळजी घेतो, ती त्यांच्यावर तारीख छापलेली असते म्हणून. हे तत्त्व अण्णांनी एका कचेरीच्या रेकॉर्ड-रूममध्ये बत्तीस वर्षे पाळले आणि निवृत्तीनंतर घरच्या संगणकाला लागू केले. पासवर्डची मुदत दर सात दिवसांनी संपेल. आधीचे चोवीस पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. (संरक्षित ऐवज: पत्त्यांचा खेळ एक, आत्मचरित्राची पाने तीन.)

“अहो, पण ते चोरणार कोण?” बायकोने विचारले.

“प्रश्न चोराचा नाही, शिस्तीचा आहे.”

पासवर्ड म्हणजे नातेवाइकाचे नाव आणि जन्मतारीख, असे ठरले. बायको, मुलगी, जावई, दोन मेहुणे. जवळची माणसे सव्वा महिन्यात संपली. मग चुलत, मावस, आते. त्यांच्या तारखा कुणाला ठाऊक? फोन करणे भाग पडले. एकदम तारीख कशी विचारणार, म्हणून आधी गुडघेदुखी, मग नातवंडे, अशा रीतसर मार्गाने विषय तिथवर न्यावा लागे. एक मावशी फोनवरच रडली. “माझा वाढदिवस हवाय तुला? अरे, पोटच्या पोरांना नाही ठाऊक!” अण्णांनी तारीख टिपून घेतली, हात मात्र उगाच ओशाळला. गोतावळ्यात अण्णांच्या मायाळूपणाचा बोलबाला झाला.

तेविसाव्या आठवड्यात यादी संपली. उरला थोरला भाऊ. त्याच्याशी एका कपाटावरून अकरा वर्षे अबोला होता. ‘आज पासवर्ड न बदलल्यास प्रवेश मिळणार नाही,’ असे पडदा बजावत होता. दीड तास त्याच्याकडे बघून अण्णांनी फोन लावला.

“दादा, तुझी जन्मतारीख काय रे?”



“कसला फॉर्म भरतोयस?”

गुडघेदुखीकडे वळावे, असे अण्णांना वाटले. पण तोंडून खरेच निघाले. “पासवर्ड बदलायचाय.”

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. “एकोणीस मार्च. मागच्याच आठवड्यात झाला. रविवारी ये. शिळा का होईना, साजरा करू.”

अण्णांना आकडे धड दिसेनात. तीनदा चुकले, आणि संगणकाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी तक्रार केली नाही.

हसणाऱ्यांना एकच विनंती. आपल्या संगणकावर ‘मुदत कधीच संपणार नाही’ या चौकटीत खूण असेल, तर खुशाल असू द्यावी. फक्त आपल्या सख्ख्या भावंडांच्या जन्मतारखा एकदा मोठ्याने म्हणून दाखवाव्यात.

मोबाइलमध्ये बघून नाही.