सौंसरचा रडव्या

सौंसरच्या बस स्टँडामांगं एक्सरे काढनारा एक म्हातारा होता. तो लेकरायले मुद्दाम रडवे. लोक त्याले रडव्याच म्हनत. मी बी म्हनो, अन् वरून शिव्या देवो.

माह्या मंजूच्या छातीत पानी झालं होतं. दोन वर्साची पोर, निजल्या जागी बी धापा टाके. डाक्टर म्हने, फोटो काढून आन. फोटो म्हनल्यावर मी पावडर लावली, काजळ घातलं, नवा झबला घातला, अन् रामाकोन्याहून मोटारीनं घेऊन आली. तो रडव्या मुडदा बोंबललाच, "लगन हाय का पोरीचं, बाई? उतरव सारं!" गळ्यातला काळा दोरा बी काढाले लावला.

मंग म्हने, "दुखते त्याच कुशीवर निजव. पानी असंल तं खाली उतरते, फोटोत दिसते." अन् तिच्या कानापाशी असा खेकसला, का पोरीनं टाहोच फोडला. रडता रडता तिनं मोठा श्वास वढला, तसं यानं बटन दाबलं. माहं तं डोस्कंच फिरलं!

तो म्हने, "मोठ्या मानसाले सांगता येते, श्वास वढ, धरून ठेव. इले कसं सांगू? सांग न तूच!"

बटन दाबताना सोताचा श्वास मात्र धरून ठेवे, बेंडकावानी गाल फुगवून. वाटे, त्याच गालावर एक हानावी.

डाक्टरनं सुईनं पानी काढलं, औषध सुरू केलं. पन फोटो काही सुटेना. दर खेपेले तेच, खेकसनं, टाहो, बटन.

एक दिवस डाक्टर म्हने, आता पानी भरलं असंल तं नागपूरले न्या लागते. मी मंजूले त्याच कुशीवर निजवली. रडव्या खेकसला. मंजू हासली! पुन्हा खेकसला. तिनं त्याचा चष्माच धरला.

मी वरडली, "काकाजी, चिमटा घ्या न! पाहून काय राहिले?"

त्यानं हात पुढं केला. मांगं घेतला.

"तू घे, बाई. माह्याच्यानं नाही होत."

मी घेतला, कचकन. बटन दाबल्या गेलं.

अंधाऱ्या खोलीतून तो वल्ला फोटो घेऊन आला, खिडकीशी धरला. "खालचा कोपरा साफ दिसून राहिला, पानी नाही. डाक्टरले दाखव."

मंजू रडूनच राहिली होती. मी हात पसरले, तं माह्याकडं येईना, त्याच्याकडं झेपावली. त्यानं वल्ल्या हातानंच उचलली, अन् माह्यावरच डाफरला, "लेकराले असं चिमटते का कोनी?"