नानांचं मोदकपात्र

गणपतनानांच्या घरी मोदकपात्रातून वाफ येताना दिसली तर हरखून जाऊ नये. मी एकदा हरखले. काकूंनी झाकण उचललं तेव्हा आत केळीच्या पानावर सहा ट्रान्झिस्टर ओळीने उकडत बसले होते. वालाच्या दाण्याएवढे, तीन-तीन पायांचे.

"झाक गो," नाना म्हणाले. "कच्चे हायत अजून."

"ह्या भांड्यात शेवटचा मोदक कधी झाला ते देवालाच ठाऊक," काकू मला म्हणाल्या. "आणि तो पण आता विचारत नाय."

नाना सैन्यात वायरलेस मेकॅनिक होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या वरंध गावात सगळे त्यांना मानाने सुभेदार म्हणतात आणि नाना प्रत्येकाला थांबवून सांगतात, "हवालदार. जे नाय ते लावू नको." सैन्यातल्या जुन्या यंत्रांचे जे सुटे भाग बनायचे केव्हाच बंद झाले, त्यांना पर्याय शोधणं हा त्यांचा आताचा उद्योग. यंत्र धडधाकट असतं, आतला एक दाणा मेलेला असतो आणि तो बनवणारा कारखानाच उरलेला नसतो. मग ओळखीचे जुने मेकॅनिक नानांना चिठ्ठी पाठवतात. नाना महाडला जातात, भंगारातले टीव्ही आणि टेपरेकॉर्डर उघडतात आणि मेलेल्याच्या नात्यातला कुणीतरी खिशात घालून परत येतात.

"सख्खा नाय मिळाला, चुलत मिळाला," ते सांगतात. "पण साध्या घरात वाढलेला. मिलिट्रीत टिकेल का, बघायला लागतं."

त्यासाठी तीन परीक्षा. पहिली फ्रीजरमध्ये, मांदेली माशांच्या शेजारी, हा हिमालय. दुसरी मोदकपात्रात, ही आसामची हवा. तिसरी महाडच्या एसटीत, मागच्या सीटवर, रुमालात बांधून. तिला काही नाव नाही, कारण एवढे खड्डे नानांना सैन्यात कुठेच भेटले नाहीत.

"हवालदार, आज कोण बसलाय परीक्षेला?" कंडक्टर विचारतो.

"दोघं हायत."

"अर्धं तिकीट काढू?"

"पास झाले तर पुढच्या वेळी पूर्ण काढीन."

आमच्या घरात भांड्यांपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले आणि आता स्वतः लिहिते. नवीन पत्रक छापून आलं की पहिली प्रत नानांना. ते चष्मा लावून ओटीवरच वाचतात आणि खिशातली पेन्सिल काढतात. परवाचं पत्रक वरच्या वाडीबद्दल होतं. तिथे मोबाइलला रेंज नाही, रस्ता अर्ध्यात संपतो, आणि सरकारी कागदावर मात्र दोन्ही आहेत. मी लिहिलं होतं, 'मुजोर, निर्ढावलेली, आंधळी यंत्रणा'. नानांनी तीनही शब्दांखाली रेघ ओढली, तिसऱ्याखाली दोनदा.

"विशेषणं काढ. वायरलेसवर एवढं बोललीस तर बॅटरी संपंल."

"मी वायरलेसवर बोलत नाही, नाना. लोकांशी बोलते. आणि खरं सांगायचं तर तुमची ही यंत्रं कायमची बंद पडली तरी मला दुःख नाही. मी युद्धाच्या विरोधात आहे."

"मी पण विरोधातच हाय," नाना म्हणाले. "म्हणून तर बोलणं चालू राहायला पाहिजे."

त्यांच्या ओटीवर हिरव्या खोक्यातला सैन्याचा टेलिफोन आहे, बाजूला दांडा असलेला. त्याची काळी तार झाडाझाडांवरून थेट वरच्या वाडीवर जाते, सखारामबाबांच्या घरात. दोघं एकाच तुकडीत होते. बाबांची दृष्टी गेली, मुलं मुंबईला. दररोज संध्याकाळी सहाला नाना दांडा फिरवतात आणि 'लाईन टेस्ट' करतात. त्या वेळी ओटीवर कुणी थांबायचं नाही. "टेक्निकल काम हाय."

शिमगा झाला आणि हा टेलिफोन मेला. नानांच्या बाजूचा ट्रान्झिस्टर गेला होता. मोदकपात्रातले ते सहाजण त्याच्यासाठीच उकडत होते.

"त्यातला एक आत्ताच बसवा ना," मी म्हणाले. "परीक्षा नंतर घ्या. बाबा वाट बघत असतील."

नाना पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "आणि बोलता बोलता मधेच मेला तर? वर बसलेल्या माणसाला ट्रान्झिस्टर मेला असं नाय वाटणार. गणपत मेला असं वाटंल."

नानांचे गुडघे चढण घेत नाहीत, म्हणून मीच निरोप घेऊन वर गेले. निरोप त्यांनी कागदावर लिहून दिला होता: 'लाईन खराब. गणपत बरा.' विशेषण एकच.

सखारामबाबा दारात बसले होते. रिसीव्हर मांडीवर.

"कोण गो?"

मी फक्त निरोप वाचला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि मग हसले. "बरा हाय ना? मग सांग त्याला, दुसरं पान राहिलंय."

"कसलं पान?"

"कागदाचं. कोण पोरगी लिहिते खाली गावात. आमच्या वाडीवर लिहिलंन तिनं. गणपत रोज थोडं थोडं वाचतो. म्हणतो, एकदम संपवायचं नाय."

मी माझं नाव सांगितलं नाही. उतरताना मात्र दोनदा ठेचकाळले.

सहांपैकी तीन मोदकपात्रात मेले, दोन एसटीत. एक उरला. चौथ्या दिवशी नानांनी तो जोडला, सहाला पाच मिनिटं कमी असताना दांडा फिरवला आणि रिसीव्हर कानाला दाबला.

"हॅलो वाडी. एक, दोन, तीन. आवाज कसा?" तिकडचं ऐकताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकू उगाचच पदराने मोदकपात्र पुसायला लागल्या. मग त्यांना मी दिसले. "हिला आत ने गो. चहा दे. टेक्निकल काम हाय."

आत चहा उकळत होता. ओटीवरून आवाज येत होता, कवायतीच्या हुकुमासारखा ठणठणीत.

"दुसरं पान. ऐक. 'ही मुजोर...' ऐकतोस ना? 'ही मुजोर, निर्ढावलेली...'"

मी कान दिले. नाना जरा थांबले.

"'...यंत्रणा,'" ते म्हणाले आणि पुढे वाचत गेले.

काकूंनी कप पुढे केला. मी म्हणाले, "थांबा जरा," आणि पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा आणि पेन काढून तो तिसरा शब्द प्रत्येक प्रतीवर खोडत बसले. चहा गार झाला. बाहेर पहिले दोन शब्द नाना पुन्हा वाचून दाखवत होते, कारण बाबांना ते आवडले होते.